विश्लेषण : मुलांच्या डोक्यातले विज्ञान कसे ‘मोजतात’?

परीक्षेत उत्तर बरोबर आले म्हणजे संकल्पना समजलीच, असे नाही आणि उत्तर चुकले म्हणजे डोक्यात काहीच नाही, असेही नाही. विद्यार्थ्यांच्या मनातील संकल्पनांचे जाळे कसे तयार होते, ते संशोधक कसे टिपतात आणि लर्निंग ॲप ‘तुम्हाला हा धडा ७५ टक्के समजला’ हे कशाच्या आधारावर ठरवते?

उन्हाळा का येतो, हा प्रश्न घरातल्या कुणालाही विचारून पाहा. ‘तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’ हे उत्तर हमखास मिळते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे महाराष्ट्रात थंडी असताना. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. हे शाळेत शिकवलेले असते, परीक्षेत लिहिलेलेही असते. तरीही १९८७ साली अमेरिकेत बनलेल्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकलांबद्दल विचारले, तेव्हा २१ जणांची उत्तरे चुकली. शिकवलेले जाते कुठे, या प्रश्नावर गेली पाच दशके संशोधन सुरू आहे.

पाटी कोरी नसते, म्हणजे काय?

मूल शाळेत येते ते स्वतःची समजूत घेऊन. विद्यार्थ्याला आधीपासून काय माहीत आहे, हाच शिकण्यावर सर्वाधिक परिणाम करणारा घटक असतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडले. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९२ चे. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतील पहिली, तिसरी व पाचवीच्या ६० मुलांना पृथ्वीच्या आकाराबद्दल प्रश्न विचारले. आकार कसा आहे, एवढेच विचारले की बहुतेक मुले ‘गोल’ म्हणतात. म्हणून त्यांनी वेगळे प्रश्न विचारले. सरळ रेषेत अनेक दिवस चालत राहिलात तर कुठे पोहोचाल? पृथ्वीला कडा आहे का? तिथून पडाल का?

त्यातून वेगवेगळी चित्रे पुढे आली. काहींच्या मते पृथ्वी दोन होत्या, एक आकाशात दिसणारी गोल आणि एक आपण राहतो ती सपाट. काहींसाठी ती पोकळ चेंडूसारखी होती आणि माणसे आतल्या सपाट जमिनीवर राहत होती. ६० पैकी ४९ मुलांची उत्तरे कोणत्या ना कोणत्या एका चित्राशी सुसंगत होती. बरोबर, म्हणजे गोलाकार पृथ्वीचे चित्र मात्र २३ जणांकडेच होते. मोठ्यांनी सांगितलेले ‘गोल’ आणि डोळ्यांना दिसणारे ‘सपाट’ यांची सांगड मुलांनी आपापल्या परीने घातली होती.

भारतीय मुलांचे चित्र वेगळे आहे का?

याच प्रकारचा अभ्यास हैदराबादमधील मुलांवर झाला आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या अनेक मुलांच्या कल्पनेतील पृथ्वी पाण्यावर तरंगणारी होती. पुराणकथांतून येणारी विश्वाची चित्रे आणि पाठ्यपुस्तकातला पृथ्वीगोल एकाच मनात एकत्र नांदत होते. म्हणजे समजुतीचा कच्चा माल घर, भाषा आणि परंपरा यांतूनही येतो.

महाराष्ट्रात या विषयावर सातत्याने काम करणारी संस्था म्हणजे मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. खगोलशास्त्र शिकताना मुले शब्दांपेक्षा आकृत्या, प्रतिकृती आणि हातवारे यांच्या आधारे मनातले चित्र कसे उभे करतात, याचा अभ्यास तिथल्या संशोधकांनी केला आहे. संकल्पना-नकाशे अधिक काटेकोर कसे करता येतील, यावरही तिथे काम झाले आहे.

मनात पूर्ण सिद्धांत असतो की सुटे तुकडे?

यावर संशोधकांत दोन तट आहेत. व्होस्नियाडू यांच्या मते मुलांच्या समजुती बऱ्यापैकी एकसंध असतात. अमेरिकी संशोधक अँड्रिया डिसेसा यांना ते मान्य नाही. त्यांच्या मते मनात अनुभवातून आलेले अनेक छोटे तुकडे असतात, उदाहरणार्थ ‘जवळ गेले की परिणाम वाढतो’. शेकोटीच्या बाबतीत हा तुकडा उपयोगी पडतो. तोच ऋतूंना लावला की उत्तर चुकते. म्हणजे तुकडा खोटा नाही, वापरण्याची जागा चुकली.

आणखी एक उदाहरण नाणेफेकीचे. वर फेकलेले नाणे हातातून सुटून वर जात असताना त्यावर कोणते बल असते? हवेचा विरोध सोडला, तर फक्त खाली खेचणारे गुरुत्वाकर्षण. जॉन क्लेमंट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र अभियांत्रिकीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वरच्या दिशेनेही बल दाखवले. यांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावरही ही चूक मोठ्या प्रमाणावर टिकून होती. ‘गती आहे म्हणजे त्या दिशेने बल असणारच’ हा रोजच्या अनुभवातला तुकडा सूत्रांना पुरून उरला.

ज्ञानाचे जाळे काढतात कसे?

सुरुवात झाली कागदावर. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांच्या गटाने १९७२ च्या सुमारास ‘संकल्पना-नकाशा’ ही पद्धत विकसित केली. चौकटीत संकल्पना लिहायच्या, त्यांना रेषांनी जोडायचे आणि प्रत्येक रेषेवर संबंध लिहायचा. ‘वनस्पती’ आणि ‘अन्न’ यांच्यामधल्या रेषेवर एक मूल ‘मातीतून घेते’ असे लिहील, दुसरे ‘पानांत तयार करते’ असे लिहील. दोघांनाही ‘प्रकाशसंश्लेषण’ची व्याख्या पाठ असू शकते. फरक त्या रेषेवर दिसतो.

हाच नकाशा संगणकात भरला की त्याचे गणिती जाळे होते. संकल्पना म्हणजे बिंदू, संबंध म्हणजे दुवे. मग मोजता येते, की कोणत्या बिंदूला सर्वाधिक दुवे आहेत, कोणता बिंदू काढला की जाळ्याचे दोन तुकडे होतात आणि कोणते बिंदू एकमेकांना घट्ट धरून आहेत. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात इस्मो कोपोनेन आणि सहकाऱ्यांनी भावी भौतिकशास्त्र शिक्षकांनी काढलेल्या अशा जाळ्यांचा अभ्यास केला आहे. नुसते दुवे वाढून भागत नाही, ते प्रयोग आणि प्रतिमानांच्या आधारे एकमेकांशी सुसंगत जोडलेले हवेत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

चुकीच्या उत्तरांचेही जाळे काढता येते. ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही १९९२ पासून जगभर वापरली जाणारी बहुपर्यायी चाचणी. तिच्यातले चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष गैरसमजांवरूनच तयार केलेले आहेत. कोणते चुकीचे पर्याय एकत्र निवडले जातात, याचे जाळे २०१६ मध्ये संशोधकांनी काढले, तेव्हा चुकांचे गट दिसू लागले. म्हणजे सारखेच गुण मिळालेल्या दोन विद्यार्थ्यांची अडचण वेगवेगळी असू शकते.

मोबाइलवरच्या ॲपला कसे कळते?

सराव घेणाऱ्या अनेक डिजिटल शिकवणी प्रणालींमागे ‘नॉलेज ट्रेसिंग’ ही कल्पना आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९० च्या दशकात ती मांडली. तिच्यात चार शक्यता धरतात. विद्यार्थ्याला हे आधीच येत असण्याची, एका सरावात शिकण्याची, येत असूनही चुकण्याची आणि येत नसताना अंदाजाने बरोबर ठोकण्याची.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संकल्पना येत असण्याची शक्यता ४० टक्के, चुकून चुकण्याची १० टक्के आणि अंदाज बरोबर लागण्याची २० टक्के धरली. अशा १०० विद्यार्थ्यांत येणाऱ्या ४० पैकी ३६ जणांचे उत्तर बरोबर येईल. न येणाऱ्या ६० पैकी १२ जणांचा अंदाज लागेल. एकूण ४८ बरोबर उत्तरांपैकी खरोखर येणारे ३६, म्हणजे ७५ टक्के. म्हणून एक उत्तर बरोबर येताच ॲपचा अंदाज ४० वरून ७५ टक्क्यांवर जातो. उत्तर चुकले असते, तर तो सुमारे ८ टक्क्यांवर आला असता. २०१५ मध्ये स्टॅनफर्डमधील संशोधकांच्या गटाने याच कामासाठी न्यूरल नेटवर्क वापरले.

शिकवण्याने जाळे बदलते का?

बदलते, पण कसे शिकवले यावर ते अवलंबून असते. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये यांत्रिकीच्या ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या. शिकण्याआधी जेवढी सुधारणा शक्य होती, त्यातली किती झाली, हे त्यांनी पाहिले. केवळ व्याख्यानांवर भर असलेल्या वर्गांत ती सरासरी २३ टक्के होती. चर्चा, अंदाज बांधणे, कृती यांना वाव असलेल्या वर्गांत ती ४८ टक्के होती.

नोव्हाक यांच्या गटाने तर काही मुलांचा तब्बल १२ वर्षे पाठपुरावा केला. पहिली-दुसरीत पदार्थ आणि ऊर्जा यांसारख्या विषयांचे पाठ नीट शिकलेल्या मुलांची समज बारावीपर्यंत इतरांपेक्षा चांगली राहिली. लहान वयात पक्के झालेले दुवे पुढच्या शिकण्याला आधार देतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मात्र जुनी समजूत पूर्ण पुसली जातेच असे नाही. अँड्र्यू श्टुलमन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील अभ्यासात, जिथे विज्ञान आणि सहज समजूत यांचे पटत नाही, अशी विधाने खरी की खोटी हे ठरवताना शिकलेल्या प्रौढांनाही जास्त वेळ लागला आणि चुकाही अधिक झाल्या.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा प्रश्नांची. मुलांना चित्र काढायला लावण्याऐवजी पर्याय दिले, की पृथ्वीबद्दलच्या विचित्र कल्पना बऱ्याच कमी दिसतात, असे ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवले. म्हणजे काही ‘गैरसमज’ प्रश्नाच्या पद्धतीतूनही जन्मतात. दुसरी मर्यादा नकाशाची. लिहिता-बोलता न येणारे मूल कागदावर कमी दुवे दाखवेल, पण म्हणून त्याला कमी कळते असे नाही. घरची बोली आणि पुस्तकातली मराठी वेगळी असलेल्या मुलांबाबत ही चूक सहज होऊ शकते. तिसरी मर्यादा ॲपची. मूळ नॉलेज ट्रेसिंग फक्त ‘बरोबर की चूक’ पाहते. मुलाने चुकीचे उत्तर का दिले, हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

पालक आणि शिक्षकांनी काय करावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घोकंपट्टीऐवजी संकल्पना समजण्यावर भर आहे. त्यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. धडा सुरू करण्यापूर्वी आठ-दहा शब्द देऊन मुलांकडून नकाशा काढून घ्यावा, धडा संपल्यावर पुन्हा काढून घ्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. उत्तर बरोबर असले तरी ‘कशावरून?’ हे विचारावे. ॲपवरची टक्केवारी पाहताना मुलाच्या चुकलेल्या प्रश्नांतला समान धागा शोधावा. गुणपत्रिकेत नापास दिसणारे मूल अनेकदा एखाद्याच चुकीच्या दुव्यावर अडलेले असते. तो दुवा सापडला, तर अख्खा धडा पुन्हा पाठ करून घेण्याची गरज पडत नाही.