हात तोच, माऊस तोच. बुट्टा मात्र लांबट

कापडाच्या धंद्यात दोरा तुटला तर गाठ मारता येते, रंग फिका आला तर पुन्हा रंगवता येतो. पण चुकीच्या मापाचे डिझाईन एकदा मागावर चढले की ताग्यामागून तागा तीच चूक उमटत जाते. त्यावर इलाज नाही. माल पडत्या भावाने काढावा लागतो आणि मग दोष कुणाचा, यावर बोलाचाली सुरू होते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः हा धडा घेतला. दुपट्ट्यासाठी गोल बुट्टा हवा होता. साताऱ्याहून मी मुद्दाम सांगलीला डिझायनरकडे गेलो. पडद्यावर पाहतो तो बुट्टा चपटा, पोळी दाबल्यासारखा. मी म्हणालो, "उस्ताद, हा गोल कुठे आहे? गोल करा." तो बिचारा समजावू लागला, "शेठ, मागावर गोलच येईल." मी ऐकले नाही. गिऱ्हाईकाचा हट्ट म्हणून त्याने पडद्यावर गोल करून दिला. माल आला तेव्हा प्रत्येक बुट्टा अंड्यासारखा उभट होता. चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून नुकसानही मीच सोसले.

त्या दिवशी मी अज्ञानाने जे केले, तेच हल्ली एखादे वेळी कॉम्प्युटर आपणहून करतो. म्हणून हा लेख.

ग्राफचा हिशेब

जॅकार्डच्या डिझाईनमध्ये पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे कापडातली एक गाठभेट: ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा. समजा, एका इंचात ताण्याचे ७२ धागे आणि बाण्याचे ५४ पिक आहेत. दोन इंची गोल बुट्ट्याला रुंदीत १४४ धागे लागतील आणि उंचीत १०८ पिक. म्हणजे पडद्यावर तो १४४ बाय १०८ ठिपक्यांचा, चपटाच दिसला पाहिजे. कापडावर पिक विरळ असल्याने तो उंचीत ताणला जातो आणि गोल होतो.

आता हाच बुट्टा पडद्यावर १४४ बाय १४४ झाला तर? १४४ पिकांना ५४ ने भागा. उंची दोन इंचांऐवजी जवळजवळ पावणेतीन इंच येते. शिवाय साध्या एका बाण्याच्या डिझाईनमध्ये एका पिकाला एक कार्ड लागते, म्हणजे १०८ च्या जागी १४४ कार्डे. छत्तीस कार्डांचे पंचिंग फुकट, आणि माल बिघडला तो वेगळाच.

म्हणून आपला डिझायनर स्कॅन केलेले चित्र मुद्दाम एका बाजूने दाबतो. माऊसने कोपरा धरायचा आणि रुंदी-उंची वेगवेगळी ओढायची. वर्षानुवर्षे हे काम करून त्याच्या बोटांना इतकी सवय होते की डोळे हिशेबावर असतात आणि हात आपोआप चालतो. आम्ही उर्दू शाळेत तख्तीवर कलमाने लिहायला शिकलो. कलमाची कत जरा निराळी कापली गेली तरी अक्षराचे वळण बदलायचे, आणि हात तर आमचा तोच असायचा. कारीगराच्या हाताचे तसेच आहे. त्याच्या हातातले हत्यार न सांगता बदलू नये.

२०१८ साली काय झाले

आपल्याकडचे काही डिझायनर सुरुवातीचे काम फोटोशॉपमध्ये करून मग जॅकार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये नेतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये फोटोशॉपची सीसी २०१९ ही आवृत्ती आली. तोवर नियम असा होता की कोपरा नुसता ओढला तर रुंदी-उंची मोकळी बदलते आणि शिफ्टची कळ दाबून ओढला तर प्रमाण कायम राहते. नव्या आवृत्तीत हे नेमके उलटे झाले. नुसते ओढले तर प्रमाण कायम आणि मोकळे ओढायचे तर शिफ्ट. त्यातही सुरुवातीला रेघांच्या आकृत्यांना जुनाच नियम राहिला. म्हणजे एकाच डिझाईनमध्ये चित्राला एक कायदा आणि आकृतीला दुसरा.

कंपनीची बाजूही पाहिली पाहिजे. फोटो स्टुडिओवाला, जाहिरातवाला यांना माणसाचा चेहरा चपटा झालेला नको असतो. त्यांच्यासाठी हा बदल सोयीचाच होता. आणि जगात गिऱ्हाईक त्यांचे जास्त आहे. ज्याला चित्र मुद्दाम चपटे हवे, असा मागवाला त्यांच्या हिशेबात फार लहान.

त्याच आवृत्तीत कंट्रोल-झेड या कळीचाही अर्थ बदलला. पूर्वी ती दाबली की शेवटचे काम रद्द व्हायचे आणि पुन्हा दाबली की परत यायचे. काठ आधी बरा होता की आता, हे पाहायला कारीगर ती टकटक दाबत असे. आता दर दाबेला एकेक पाऊल मागे जाते. जुन्या सवयीने चार वेळा दाबणाऱ्याची चार कामे मागे गेली.

विंडोजनेही असाच एक झटका दिला होता. २०१७ च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या अपडेटनंतर पेनने ओढताना अनेक ठिकाणी निवड होण्याऐवजी पानच वरखाली सरकू लागले. पेनने बुट्टा गिरवणाऱ्यांना त्याचा जाच झाला. जगभरातून तक्रारी गेल्या, तेव्हा २०१८ च्या अपडेटमध्ये पेन माऊससारखे वापरण्याची सोय सेटिंगमध्ये देण्यात आली.

नुकसान कुणाच्या माथी?

खरा प्रश्न इथे आहे. डिझायनरला डिझाईनमागे ठराविक मजुरी मिळते. पंचिंगवाला कार्डांचे पैसे घेतो. मागवाला ताग्याचे. माल बिघडला की व्यापारी सर्वांत आधी डिझायनरचे पैसे अडवतो, कारण साखळीत तोच सर्वांत लहान. सॉफ्टवेअरची कंपनी सातासमुद्रापार, तिच्याशी कोण भांडणार? पण ज्या कारीगराने वीस वर्षे जशी कळ दाबली तशीच आजही दाबली, त्याला बेफिकीर म्हणणे इन्साफाचे नाही. तसेच "कॉम्प्युटरने केले" म्हणून कारीगरानेही हात झटकू नयेत. माप तपासणे हे त्याचे काम आहेच. दोघांनी आधी बोलून घेतले तर पुढची कटकट वाचते.

काय करावे

पहिली गोष्ट, ऑर्डर हातात असताना अपडेट घेऊ नये. आपोआप अपडेट होण्याची सोय बंद करता येते. नवी आवृत्ती घेताना जुनी काढून टाकण्याची खूण आधीच केलेली नाही ना, ते पाहावे. महिनाभर दोन्ही ठेवाव्यात.

दुसरी, जुनी पद्धत परत मागता येते. फोटोशॉपमध्ये हे लगेच नव्हते. सुरुवातीला एक छोटी फाईल लिहून ठेवावी लागे. २०१९ मध्ये प्रेफरन्सेसमध्ये 'युज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म' अशी खूण आली. कंट्रोल-झेडसाठी कीबोर्ड शॉर्टकटच्या यादीत 'युज लेगसी अन्डू शॉर्टकट्स' आहे. पण मशीन बदलले किंवा सॉफ्टवेअर नव्याने टाकले की या खुणा पुन्हा तपासाव्यात. विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यामुळे पुष्कळ जण आता विंडोज ११ वर जात आहेत. त्यांनी हे विसरू नये.

तिसरी, आणि सर्वांत स्वस्त. पंचिंगला पाठवण्यापूर्वी एका चिठ्ठीवर चार आकडे लिहावेत: इंचाला किती धागे, इंचाला किती पिक, डिझाईनची रुंदी किती ठिपके, उंची किती ठिपके. भागाकार करून इंचात माप काढावे. डिझायनरने आणि व्यापाऱ्याने दोघांनीही सही करावी. पंचिंगवाल्याने कार्डे मोजून चिठ्ठीशी ताडून पाहावीत. १०८ च्या जागी १४४ निघाली तर तिथेच काम थांबेल.

आणि व्यापारी बंधूंना एक विनंती. पडद्यावर बुट्टा चपटा दिसला तर माझ्यासारखे "गोल करा" म्हणू नका. आधी चिठ्ठी मागा.