लाख श्लोक, लाख रुपये

औंध म्हणजे सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं गाव. एकेकाळी इथून बहात्तर गावांचा कारभार चाले. त्यातली आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात. एवढंसं संस्थान! आणि राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना हवं काय, तर अख्खं महाभारत, सचित्र, आणि मागाहून घुसलेलं सगळं निवडून काढलेलं!

त्यासाठी त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला लाख रुपये देऊ केले. आजचा लाख नव्हे बरं! चांदीचा रुपया तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा. लाख नाणी म्हणजे 1,166 किलो. पन्नास किलोची तेवीस पोती ज्वारी भरेल एवढं वजन, वर सोळा किलो शिल्लक!

आता ग्रंथ मोजू. परंपरेने श्लोक लाख. अनुष्टुभाची अक्षरं बत्तीस, म्हणजे बत्तीस लाख अक्षरं. (सगळेच श्लोक अनुष्टुभ नाहीत, चालवून घ्या.) अक्षराला एक सेंटीमीटर दिला तर ओळ 32 किलोमीटरची. वाचायला बसा, मिनिटाला चार श्लोक, न जेवता न झोपता: 416 तास! तेवढ्यात डेक्कन क्वीनच्या मुंबई-पुणे 128 खेपा होतील. साडेचोवीस हजार किलोमीटर, पृथ्वीच्या अर्ध्या प्रदक्षिणेहून जास्त!

आणि हे झालं एक महाभारत. संस्थेने पोथ्या धुंडाळल्या 1,259! शारदा लिपीतल्या, मल्याळम लिपीतल्या, ताडपत्रावरच्या. बहुतेकींत एखाददुसरं पर्वच. पोथीमागे एक पर्व धरलं तरी सत्तर महाभारतं, सव्वादोन हजार किलोमीटर अक्षरं. मुंबई-पुणे रुळांवर अंथरली तर अकरा वेळा अंथरून वर उरतील! आणि ती नुसती वाचायची नाहीत, ताडायची. चौकटी आखलेला कागद, एका चौकटीत एक अक्षर. वर आधाराला धरलेला पाठ, खाली प्रत्येक पोथीची वेगळी ओळ, पाठ जिथे बदलतो तिथलंच अक्षर लिहायचं.

या चाळणीतून काय काय निसटलं! गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती गोष्ट गेली परिशिष्टात. वस्त्रहरणातला द्रौपदीचा कृष्णधावा मूळ संहितेबाहेर. फेकलं मात्र काहीच नाही, सगळं तळटिपांत नाहीतर परिशिष्टात नोंदलेलं.

शाहनामा या इराणी महाकाव्याचंही असंच. कवी फिरदौसीचे बेत, म्हणजे द्विपदी, पन्नास हजारांच्या घरातले, त्यांत नकलकारांनी घातलेली भर. आणि तोही सचित्र: इराणचा राजा शाह तहमास्प याच्या प्रतीत 759 पानं, 258 चित्रं. त्यातलं एकच पान 2022 मध्ये लंडनच्या लिलावात 80 लाख पौंडांवर गेलं. सत्तर कोटींहून जास्त रुपये, एका पानाला!

पुण्याचं काम 1919 मध्ये सुरू झालं, 1966 मध्ये संपलं. 47 वर्षं, 19 खंड. मुख्य संपादक सुखटणकर 1943 मध्ये वारले, मग त्यांच्या जागी बेलवलकर, मग वैद्य. ग्रंथालयात आदिपर्वाचा खंड मागून घ्या. शीर्षकपानावर चित्रकार म्हणून औंधच्या राजाचं नाव आहे.