रंग बदलले, ठिपके तेच

परवा लेक कॉलेजातून आली आणि न जेवताच आतल्या खोलीत जाऊन बसली. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोग्रामच्या असाइनमेंटला तिला शून्य मिळालं होतं. धडगावहून येऊन शहाद्यात वसतिगृहात राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही शून्यच. दोघींचं काम सारखं निघालं म्हणे.

मी आपली बी.ए. मराठी. विचारलं, "अगं, एवढ्या मुलांत सरांना कळलं कसं?"

अमेरिकेत ॲलेक्स एकन या प्राध्यापकांनी १९९४ मध्ये 'मॉस' नावाची सोय तयार केली. सरांनी तीच वापरली होती. मुलं नक्कल करताना नावं बदलतात, मध्ये मोकळ्या जागा सोडतात. मॉस तिकडे बघतच नाही. ते प्रोग्रामचे छोटे छोटे तुकडे करतं, तुकड्यांना आकडे देतं आणि त्यातले निवडक आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशी जुळवतं. मला एकदम रांगोळी आठवली. रंग कितीही बदला, ठिपके आणि रेषा त्याच असल्या की ती शेजारणीच्या दारातली, हे आपल्याला कळतंच ना मैत्रिणींनो!

पण कोणी कोणाचं उतरवलं, हे मॉस सांगत नाही. चोरी झाली असंही म्हणत नाही. कुठे किती सारखं आहे तेवढं दाखवतं. पुढचं माणसानेच विचारायचं.

मग मीच विचारलं. लेक रडतच म्हणाली, "तिच्याकडे लॅपटॉप नाही गं आई. लॅबमध्ये तिचा नंबर लागेपर्यंत तास संपतो. मीच पेनड्राइव्ह दिला." मला त्या पोरीची कीव आली, पण लेकीचा रागही आला. बचत गटात एकीने हिशेब लिहायचा आणि बाकीच्यांनी न वाचता सह्या करायच्या, हे मी कधी चालू दिलं नाही. आणि माझ्याच घरात हे?

दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन सरांकडे गेले. सर म्हणाले, "एआयकडून लिहून आणलेलं मॉसला सापडेलच असं नाही. त्यामुळे आता समोर बसवून विचारणारच आहे." त्यांनी तिथेच दोघींना विचारलं, "ही ओळ काढली तर काय होईल?" मैत्रीण अडखळली, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने बरोबर दिलं. लेकीला मात्र तोच प्रश्न जमला नाही!

शून्य काही बदललं नाही. नवीन असाइनमेंट दोघींना वेगवेगळी मिळाली. आता दर रविवारी ती पोर आमच्याकडे येते. कॉम्प्युटरवर आधी ती बसते, मग लेक. पेनड्राइव्ह सध्या माझ्या मसाल्याच्या डब्यामागे आहे.