विश्लेषण : नांदगाव पेठचा टोल आणि सॉफ्टवेअरची परीक्षा… वेब ॲपच्या स्वयंचलित चाचण्या कशा उभ्या करतात?

अमरावतीहून नागपूरकडे निघालेली मोटार नांदगाव पेठच्या टोलनाक्यावर काही सेकंद थांबते. फास्टॅग वाचला जातो, पैसे कापले जातात आणि मोबाइलवर मेसेज येतो. एवढ्या वेळात सॉफ्टवेअरने गाडीचा प्रकार, पास, परतीचा प्रवास आणि त्या दिवशीचा दर तपासलेला असतो. नियम बदलतात, तसा कोडही बदलतो. नवा नियम घालताना जुना हिशेब बिघडला नाही, याची खात्री कशी करतात? त्याचे उत्तर आहे स्वयंचलित चाचण्या. टोलच्याच उदाहरणावरून त्या समजून घेऊ.

स्वयंचलित चाचणी म्हणजे काय?

ॲप तयार झाल्यावर कोणीतरी ते उघडून बघते, दोनचार बटणे दाबते, सगळे चालते असे म्हणते. ही झाली हाताने केलेली चाचणी. अडचण अशी की प्रत्येक बदलानंतर ती पहिल्यापासून करावी लागते आणि माणूस कंटाळतो. तिसऱ्या वेळी तो फक्त बदललेला भाग बघतो. बिघाड मात्र बहुतेकदा न बदललेल्या भागात निघतो.

स्वयंचलित चाचणी म्हणजे ॲपची परीक्षा घेणारा दुसरा छोटा प्रोग्राम. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : परिस्थिती काय, कृती कोणती आणि उत्तर काय यायला हवे. उत्तर जुळले तर हिरवी खूण, नाही तर लाल. अशा शेकडो चाचण्या एका कमांडने काही सेकंदांत चालतात आणि शंभराव्या वेळीही त्या पहिल्या वेळेइतक्याच काटेकोर असतात.

उदाहरण टोलचेच का?

कारण त्याचे नियम जाहीर आहेत आणि वाहनचालकांना ठाऊक आहेत. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम २००८ नुसार २४ तासांत परत आल्यास दोन्ही फेऱ्यांचे मिळून एकेरी दराच्या दीडपट शुल्क लागते. शुल्क जवळच्या पाच रुपयांत पूर्ण केले जाते. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी वाहनासाठी मासिक पास मिळतो.

त्यानंतर नियम वाढत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग बंधनकारक झाला. तो नसल्यास दुप्पट शुल्क. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी वार्षिक पास आला. सुरुवातीला त्याची किंमत ३,००० रुपये होती आणि मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. १५ नोव्हेंबर २०२५ पासून वैध फास्टॅग नसलेल्यांना रोखीने दुप्पट, पण यूपीआयने सव्वापट शुल्क लागू झाले.

पाच वर्षांत तीन मोठे बदल. प्रत्येक वेळी कोडमध्ये नवी अट घालावी लागणार आणि जुन्या अटी तशाच चालू राहायला हव्यात. समजा, असा हिशेब दाखवणारे छोटे वेब ॲप एखाद्या विद्यार्थ्याने किंवा वाहतूक व्यावसायिकाने तयार केले. (येथे नाक्यावरच्या प्रत्यक्ष यंत्रणेविषयी बोलत नसून पुढचे दरही केवळ हिशेबापुरते आहेत.) त्याच्या चाचण्या कशा लिहायच्या?

सुरुवात कोठून करायची?

सर्वांत लहान तुकड्यापासून. ॲपमध्ये गाडी, वेळ आणि पास दिल्यावर शुल्क सांगणारे एक फंक्शन असेल. ते स्क्रीन आणि डेटाबेसपासून वेगळे ठेवायचे आणि फक्त त्याचीच परीक्षा घ्यायची. याला युनिट टेस्ट म्हणतात. पायथॉनमध्ये ‘पायटेस्ट’, जावामध्ये ‘जेयुनिट’, जावास्क्रिप्टमध्ये ‘जेस्ट’ ही त्यासाठीची मोफत साधने.

पहिली चाचणी साधी : मोटार, वैध फास्टॅग, एकेरी प्रवास, दर ७५, उत्तर ७५. दुसरी : फास्टॅग नाही, रोख, उत्तर १५०. तिसरी : २४ तासांत परत, ७५ ची दीडपट ११२ रुपये ५० पैसे. आता पाच रुपयांत पूर्ण करायचे. ११० की ११५?

येथे खरी गंमत आहे. ११२.५ ला पाचाने भागले की २२.५ येतात. जावास्क्रिप्टचे नेहमीचे फंक्शन २२.५ चे २३ करते, म्हणजे ११५ रुपये. पायथॉनचे नेहमीचे फंक्शन बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते, म्हणजे २२ आणि शुल्क ११०. मोबाइलच्या स्क्रीनवरचा हिशेब जावास्क्रिप्टने आणि सर्व्हरवरचा पायथॉनने केला असेल, तर ग्राहकाला दिसेल ११५ आणि कापले जातील ११०. दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर आहेत. नियम कोणता, हे कोणी ठरवलेच नव्हते.

चाचणी लिहिताना अपेक्षित उत्तर आधी लिहावे लागते. त्यामुळे असा प्रश्न पैसे कापण्याच्या वेळी नव्हे, कोड लिहितानाच विचारला जातो. चाचण्यांचा हा सर्वांत मोठा फायदा.

चुका सीमेवरच का सापडतात?

नियमांत ‘च्या आत’, ‘पर्यंत’, ‘पासून’ असे शब्द असतात. मधल्या किमतींना ॲप सहसा बरोबर उत्तर देते, काठावर चुकते. म्हणून प्रत्येक मर्यादेच्या अलीकडची, नेमकी आणि पलीकडची अशा तीन चाचण्या लिहितात. परतीसाठी २३ तास ५९ मिनिटे, बरोबर २४ तास, २४ तास एक मिनिट. वार्षिक पाससाठी १९९ वी, २०० वी आणि २०१ वी फेरी. मासिक पाससाठी २० किलोमीटरच्या थोडे आत आणि थोडे बाहेरचे गाव.

वेळेचा काठ आणखी फसवा. टोलचे दर एरवी १ एप्रिलला बदलतात. अनेक सर्व्हर मात्र जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला नाका ओलांडणाऱ्या ट्रकसाठी अशा सर्व्हरवर ३१ मार्चचे सायंकाळचे सात वाजलेले असतात. काळजी घेतली नाही, तर पहाटे साडेपाचपर्यंत जुना दर लागत राहील.

दुसरी गोष्ट : १ एप्रिल ही तारीख कोडमध्ये कायमची कोरून ठेवू नये. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे नवे दर ३ जूनपासून लागू झाले होते. तारीख आणि आत्ताची वेळ फंक्शनला बाहेरून द्यावी. म्हणजे चाचणीत घड्याळ हवे त्या क्षणी थांबवता येते. १ एप्रिलची वाट बघावी लागत नाही.

डेटाबेस आणि स्क्रीनची परीक्षा कशी?

फंक्शन बरोबर असले, तरी तुकडे जोडल्यावर बिघाड होऊ शकतो. वार्षिक पासची फेरी वजा झाली, पण डेटाबेसमध्ये नोंदलीच गेली नाही, असे होते. त्यासाठी इंटिग्रेशन टेस्ट. यात चाचणीपुरता वेगळा डेटाबेस उभा करतात, त्यात ठरावीक नोंदी भरतात आणि चाचणी संपली की तो पुसतात. खऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसवर चाचणी कधीच चालवायची नाही. खरी बँक किंवा यूपीआय सेवाही वापरायची नाही. तिच्या जागी ठरावीक उत्तर देणारी नकली सेवा ठेवतात. पैसे कापले पण उत्तर आले नाही, किंवा एकच विनंती दोनदा गेली, अशा प्रसंगांची तालीम या नकली सेवेवर करता येते.

तिसरा प्रकार एंड टू एंड. यात प्रोग्राम स्वतः ब्राउझर उघडतो, फॉर्म भरतो, बटण दाबतो आणि स्क्रीनवर काय आले ते वाचतो. जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये शिकागोत ‘थॉटवर्क्स’ कंपनीत तयार केलेले ‘सेलेनियम’ हे यातले जुने साधन. मायक्रोसॉफ्टचे ‘प्लेराइट’ २०२० मध्ये आले. वेगवेगळ्या खऱ्या मोबाइलवर ॲप तपासण्याची सोय देणारी ‘ब्राउझरस्टॅक’ ही कंपनी तर २०११ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

मराठी वापरकर्त्यांसाठी येथे एक चाचणी हमखास हवी. मराठी कीबोर्डवरून कोणी मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत टाकला तर? पायथॉन देवनागरी अंक संख्या म्हणून स्वीकारतो, जावास्क्रिप्ट स्वीकारत नाही. अर्ज का अडतो, हे वापरकर्त्याला कळतही नाही.

तिन्ही प्रकारांचे प्रमाण काय असावे? माइक कोन यांनी २००९ च्या पुस्तकात मांडलेला ‘टेस्ट पिरॅमिड’ आजही उपयोगी आहे. पायथ्याशी भरपूर युनिट टेस्ट, मध्ये थोड्या इंटिग्रेशन टेस्ट आणि शिखरावर मोजक्या एंड टू एंड. ब्राउझरच्या चाचण्या हळू चालतात आणि बटणाची जागा बदलली तरी मोडू शकतात, म्हणून त्या फक्त मुख्य वाटांपुरत्या ठेवायच्या.

त्या आपोआप कधी चालतात?

चाचण्या लिहून फोल्डरमध्ये पडून राहिल्या तर उपयोग नाही. म्हणून त्या कोड साठवण्याच्या जागेलाच जोडतात. ‘गिटहब ॲक्शन्स’, ‘गिटलॅब’ किंवा ‘जेन्किन्स’ या सेवा कोणी नवा कोड पाठवताच स्वच्छ संगणक उभा करून सगळ्या चाचण्या चालवतात. एकही लाल झाली, तर तो कोड मुख्य शाखेत घेतला जात नाही. याला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. रात्री अकरा वाजता घाईत केलेला बदल थेट ग्राहकापर्यंत पोहोचत नाही, तो या फाटकामुळे.

पुरेशी परीक्षा नसेल तर काय होते?

महाराष्ट्राने २०१७ मध्ये याचे दोन मोठे धडे घेतले. त्या वर्षी २४ जूनला ३४,०२२ कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली आणि अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवरून ऑनलाइन मागवण्यात आले. वऱ्हाडातले शेतकरीही त्यासाठी केंद्रांवर रांगा लावून बसले. १८ ऑक्टोबरला, दिवाळीत प्रमाणपत्रांचे वाटप झाले. त्यानंतर याद्यांतील गोंधळ समोर आला. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे असल्याचे प्रकार आढळले आणि पुन्हा पडताळणी करावी लागली.

ही माहिती बँकांकडून आलेली होती, त्यामुळे सगळा दोष पोर्टलच्या कोडला देता येणार नाही. पण ‘एक आधार क्रमांक दोन नावांवर आला तर नोंद अडवा’ हा नियम आणि त्याची चाचणी अशा प्रकल्पात पहिल्या दिवशीच हवी.

दुसरा धडा मुंबई विद्यापीठाचा. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय झाला. सगळा भार एकाच हंगामात नव्या यंत्रणेवर आला. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, अनेकांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आले. अशा प्रकल्पात हिशेबाच्या चाचणीइतकीच भाराची चाचणी महत्त्वाची असते. ‘जेमीटर’ किंवा ‘लोकस्ट’ ही साधने हजारो काल्पनिक वापरकर्ते तयार करून यंत्रणा कोठे दमते ते आधीच दाखवतात.

चाचण्यांच्या मर्यादा कोणत्या?

चाचणी चूक असल्याचे दाखवू शकते, चूक मुळीच नसल्याचे सिद्ध करू शकत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी पाच दशकांपूर्वीच मांडले होते. नियमच चुकीचा समजला असेल, तर चाचणीही त्याच चुकीला हिरवी खूण देईल. म्हणून अपेक्षित उत्तरे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नयेत. नियम जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावीत.

कोडच्या किती ओळी चाचणीत चालल्या, ही टक्केवारीही फसवी ठरते. शंभर टक्के ओळी चालल्या, पण उत्तर कोणी पडताळलेच नाही, असे होऊ शकते. कधी हिरवी, कधी लाल होणारी चाचणी त्याहून घातक. तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली, की खरा बिघाडही दुर्लक्षात जातो. अशी चाचणी लगेच दुरुस्त करावी, नाही तर काढून टाकावी.

लहान टीमने काय करावे?

पतसंस्थेचे, शाळेचे किंवा बाजार समितीचे ॲप सांभाळणाऱ्या दोन-तीन जणांच्या टीमला सगळे एकदम जमणार नाही. तशी गरजही नाही. पैसे आणि पात्रता ठरवणारी फंक्शन आधी वेगळी काढावीत आणि त्यांच्या सीमांच्या दहा-वीस चाचण्या लिहाव्यात. मग लॉगिन, अर्ज आणि पैसे भरणे या वाटांसाठी प्रत्येकी एक ब्राउझर चाचणी लिहावी. तिसरी पायरी म्हणजे कोड पाठवताच त्या आपोआप चालतील अशी सोय. बहुतेक साधने मुक्त आणि मोफत असल्याने खर्च मुख्यतः वेळेचाच आहे.

त्यापुढे एकच शिस्त : तक्रार आली की दुरुस्तीआधी तीच चूक पकडणारी चाचणी लिहायची. ती लाल झालेली बघायची, मग कोड सुधारून हिरवी करायची. अशा प्रत्येक तक्रारीची चाचणी कायम राहते आणि तीच चूक पुन्हा आली, तर ग्राहकाच्या आधी टीमला कळते. पाच रुपये जास्त कापले गेलेला वाहनचालक बहुतेकदा तक्रारही करत नाही. त्याच्या वतीने दररोज तक्रार करणारे कोणीतरी असावे, एवढ्यासाठी या चाचण्या लागतात.