फळीला फळी धरून ठेवणारा : क्लॅम्प



आमचे घर सुताराचे. माझे दादा (म्हणजे वडील) चौकटी, दारे, पलंग, टेबले करतात. गुरुजींनी या वेळी ‘घरच्या धंद्यातील एक वस्तू’ हा विषय दिला. रंधा आणि करवत सगळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून मी क्लॅम्पवर लिहिते. पुस्तकात त्याला शिकंजा म्हणतात, पण दुकानात शिकंजा मागितला तर दुकानदार नुसता बघत राहतो.

पुष्कळांना वाटते की फळ्या फेव्हिकॉलने चिकटतात. ते अर्धेच खरे. पूर्वी सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस गरम करून लावावा लागे. १९५९ साली फेव्हिकॉल निघाले आणि हळूहळू सरसाची खटपट गेली. पण दाब तेव्हाही लागे आणि आजही लागतो. फेव्हिकॉलमधले पाणी लाकडात मुरते व उडून जाते, मागे पातळ थर राहतो. त्या वेळी दोन्ही फळ्या एकमेकींना घट्ट टेकलेल्या पाहिजेत. मध्ये फट राहिली तर ती फेव्हिकॉलने भरल्यासारखी दिसते, पण तिथे जोर नसतो. आपला हात काही तासनतास फळ्या दाबून धरू शकत नाही. ते काम क्लॅम्प करतो. त्याच्या स्क्रूचा एक आटा फिरवला की पुढची टिकली अगदी थोडी सरकते, म्हणून आपला थोडा जोर तिथे पुष्कळ होतो.

आता आमच्याकडे झालेली चूक सांगते. आपल्या भागात हळदीचे पैसे हातात आले की लोक टेबल-पलंग करून घेतात. मे महिन्यात दादांकडे एका टेबलाचे काम आले. टेबलाचा वरचा भाग ५४ इंच लांब आणि ३० इंच रुंद, म्हणजे ६ इंची ५ फळ्या जोडायच्या. आमच्याकडे मोठा क्लॅम्प एकच. तो दादांनी मधोमध लावला आणि दोन्ही टोकांना दोरी बांधून काठीने पीळ दिला. ऊन असे होते की दोरी पिळेपर्यंत फेव्हिकॉलवर साय धरू लागली. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ टेबल परत घेऊन आले. मधला भाग पक्का, पण दोन्ही टोकांना फटी. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी मजुरी न घेता दुसरे करून द्यायचे कबूल केले.

आबा (आजोबा) म्हणाले, “लाकूड टोकाकडनं आधी वाळतंय, आधी आकसतंय. तिथंच तू ढिलं सोडलास. मग उकलंना तर काय?”

मग दादांनी मला वहीत आकृती काढून दाखवली. क्लॅम्पचा दाब लाकडात छपरासारखा दोन्हीकडे उतरत जातो. जितका खोल जातो, साधारण तितकाच बाजूला पसरतो. कडेची फळी ६ इंच रुंद, म्हणजे सांध्यापर्यंत जाताना दाब एका बाजूला ६ आणि दुसऱ्या बाजूला ६ असा १२ इंच पसरतो. आता ५४ ला १२ ने भागा. साडेचार येतात, म्हणजे ५ क्लॅम्प पाहिजेत. आम्ही लावला होता १! फळीच्या कडेला २ इंच जाड सरळ पट्टी ठेवली तर दाब १६ इंच पसरतो आणि चारांत भागते. शिवाय पट्टीमुळे फळीवर टिकलीचा वळ उठत नाही.

माझ्या सायकलीसाठी ठेवलेले पैसे घेऊन आम्ही हिंगोलीला गेलो. (सायकल दिवाळीला घेऊ, असे ठरले आहे.) दुकानात जी क्लॅम्प स्वस्त होते. ६ इंची जी क्लॅम्प म्हणजे त्याचे तोंड जास्तीत जास्त ६ इंच उघडते. बाकाचा पाय किंवा पट्टी धरायला तो उत्तम, पण ३० इंची टेबलाला काय उपयोग? मी म्हटले, “दादा, सहा घेऊ, पैशात बसतात.” दादा म्हणाले, “सहा पेले घेतले म्हणून घागर होती का?”

मोठ्या क्लॅम्पमध्येही दोन प्रकार होते. एकाची पट्टी सपाट, दुसऱ्याची टी या इंग्रजी अक्षरासारखी. जोरात आवळल्यावर सपाट पट्टी धनुष्यासारखी वाकते, टी वाकत नाही. दादांनी पट्टी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिले, स्क्रू शेवटपर्यंत फिरवला, टिकली मोकळी हलते का तेही पाहिले. दोन टी क्लॅम्प घेतले आणि पैसे संपले.

उरलेले दोन घरीच केले. बाभळीच्या जाड दांड्यावर दोन ठोकळे पक्के बसवले, मध्ये टेबलाच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त जागा ठेवली. फळ्या मध्ये बसवून त्या जागेत दोन पाचरी उलटसुलट ठोकायच्या. एकच पाचर ठोकली तर दाब तिरका येतो, दोन असल्या की सरळ येतो.

या वेळी दादांनी सकाळी लवकर काम धरले. आधी फेव्हिकॉल न लावता सगळे क्लॅम्प लावून पाहिले, मग सोडून फेव्हिकॉल लावले. तीन क्लॅम्प खालून, दोन वरून. सगळे एकाच बाजूने लावले तर फळ्या पापडासारख्या वाकतात. लोखंड ओल्या सांध्याला लागून सागवानावर काळा डाग पडतो, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद ठेवला. मी जोर करून स्क्रू पिळू लागले तर दादा ओरडले, “काहून इतकं पिळालीस? सगळं फेव्हिकॉल बाहेर आलं तर आत काय राहील?” सांध्यावर बारीक मण्यांसारखे थेंब आले की थांबायचे. मग दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

आबा बाजेवर बसून हे बघत होते. ते म्हणाले की सगळ्यात मोठा क्लॅम्प तर गाडीच्या चाकाला असायचा. लाकडी चाकावरची लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करीत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की फुगते, तेवढ्यात चाकावर बसवून वरून पाणी ओतीत. धाव आकसली की आरे आणि पुठ्ठे करकर वाजत घट्ट होत. ना स्क्रू, ना फेव्हिकॉल. आता बहुतेक गाड्यांना टायर आहेत, म्हणून मी धाव बसवताना कधी पाहिली नाही. आबांनी कितीतरी बसवल्या.

ते टेबल आता त्या गृहस्थांच्या ओसरीवर आहे. शाळेत येताना मी त्याच्या टोकांकडे बघते. पावसाळा होऊन गेला, अजून फट नाही. आमचे दोन जुने जी क्लॅम्प दादांनी शाळेला दिले आहेत. खिडकीजवळच्या बाकाच्या पायाला सध्या तेच लावलेले आहेत, उद्या सकाळपर्यंत कोणी त्यांना हात लावू नये.

– इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी