फोटोओळ आपल्या भाषेत लिहा

सुपा धरणाचे फोटो हल्ली इन्स्टाग्रामवर सर्रास दिसतात. खाली बहुधा इंग्रजीत एवढेच, की जागा सुंदर आहे. फोटोत पाणी दिसते. पण काळी नदीवरील या १०१ मीटर उंच धरणात जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि 'सुपा तालुका' हे नावही मागे पडले, हे फोटोओळीशिवाय कळणार कसे? तिथे २२०० अक्षरे लिहिता येतात. मराठी पाट्यांसाठी आम्ही सीमाभागात आजवर भांडत आलो. ही पाटी मात्र आपल्याच हातात आहे. मुलांनो, कोणाचे घर कुठे होते ते आजीला विचारा आणि तिच्याच बोलीत चार ओळी लिहा. नाहीतर आपली गोष्ट परकेच सांगतील, आणि तीच खरी ठरेल.