रविवारचा नाश्ता : एकाच बाकावर, एकाच कपात

आठवडाभर कोणी कोळसा खाणीत, कोणी एम.आय.डी.सी.त, कोणी बांधकामावर, तर कोणी दुसऱ्याच्या घरच्या धुण्याभांड्यात गुंतलेले असते. रविवार तेवढा आपला. विहारातली वंदना आटोपली, मुलांच्या पोटात कावळे ओरडू लागले, की घरात प्रश्न निघतो, "आज नाश्ता कुठे करायचा?" यवतमाळात राहणाऱ्या कुटुंबात एक जण दत्त चौकाकडचे तर्रीपोहे म्हणतो, दुसऱ्याला बसस्थानकाजवळचा आलूबोंडा हवा असतो, धाकटीला डोसा. वडीलधारे मात्र कुरकुरतात, "घरी काय पोहे होत नाहीत? उगाच पैसा घालवायचा!"

वडीलधाऱ्यांचे म्हणणे टाकून देण्यासारखे नाही. रोजंदारीच्या घरात दहा-वीस रुपयांचाही हिशेब असतो. पण महिन्यातून दोन-तीन रविवार सहकुटुंब बाहेर बसून नाश्ता करणे याला आपल्या समाजात एक वेगळा अर्थ आहे. तो अर्थ मुलांना समजावून सांगितला, तर हा पैसा वाया गेला असे आजी-आजोबाही म्हणणार नाहीत.

आपल्याकडची चव

आधी चवीचे बोलू. पुण्या-मुंबईचा माणूस पोहे कोरडे खातो. विदर्भात पोह्यांवर तर्री हवीच. कांदा, लसूण, सुके खोबरे आणि झणझणीत तिखट घालून केलेला, वर तेलाचा तवंग असलेला पातळ रस्सा म्हणजे तर्री. त्यात बहुधा हरभरेही असतात. वरून बारीक शेव, कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि सांबार. बाहेरगावच्या पाहुण्याला हा सांबार इडलीबरोबरचा वाटतो. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला हसत हसत सांगावे लागते.

पोह्यांच्या जोडीला आलूबोंडा असतोच. मुंबईकर तो पावात घालतो, आपण रश्श्यात कुस्करतो. मूगडाळ भिजवून वाटून तळलेले मूगवडे, मिरची भजे, समोसा, कचोरी ही बाकीची मंडळी.

आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सकाळ सारखी नसते. उमरखेडकडून पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. तिकडे मुरमुरे भिजवून फोडणी दिलेली सुशीला नाश्त्याला असते. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. तिथल्या धाब्यावर ट्रकवाल्यांबरोबर चहा घेण्याची मजा निराळी. वणीच्या खाणपट्ट्यात सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगाराला नाश्ता ही चैन वाटत नाही. तो दुपारपर्यंतचा आधार असतो. बाहेरगावी लग्नाला, मंगल परिणयाला गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या ठेल्यावर मुलांना अवश्य न्या. जिल्ह्याची ओळख अशीही होते.

आपल्या आजीच्या वेळी सकाळची न्याहारी म्हणजे ज्वारीची शिळी भाकर आणि मिरचीचा ठेचा, नाहीतर कण्या. त्या न्याहारीची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्यांचे महत्त्व ओळखून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष त्यांच्या नावे जाहीर केले होते. गरिबाची म्हणून हिणवलेली भाकर आता मोठ्या हॉटेलांत मागवली जाते.

ज्या कपासाठी लढावे लागले

आता त्या वेगळ्या अर्थाकडे येऊ. हॉटेलात शिरणे, रिकाम्या बाकावर बसणे, "चार चहा" म्हणून सांगणे, यात विशेष ते काय, असे आजच्या मुलांना वाटते. त्यांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसवा. गावोगावच्या चहाच्या दुकानांत आपल्या माणसांची कपबशी वेगळी असे, बहुधा कान तुटलेली. ती बाहेरच कुठेतरी ठेवलेली. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाल्यावर कपबशी आपणच विसळून जागच्या जागी ठेवायची. पैसे मात्र पूर्ण मोजायचे.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नोकरीस होते. सवर्णांच्या हौदातील पाणी घेतले म्हणून त्यांना बेदम मार पडला. महाराजांनी गुन्हेगारांना शासन केलेच, शिवाय गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास मदत केली. गंगारामांनी 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल थाटले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा स्वतः महाराज आपली गाडी दारात थांबवून तिथला चहा पिऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून आले, बडोदा संस्थानच्या नोकरीत 1917 साली रुजू झाले. त्या शहरात एकही हॉटेल त्यांना जागा देईना. नाव बदलून ते एका पारशी सराईत उतरले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. विद्या होती, नोकरी होती, खिशात भाड्याचे पैसे होते. नव्हता तो हक्क.

तो हक्क पुढे राज्यघटनेने दिला. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या घटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 15 (2) मध्ये तर दुकाने आणि हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला तेथे मज्जाव करता येणार नाही. त्यानंतर 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. 1976 मध्ये तो अधिक कडक झाला आणि त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. हॉटेलातील भांडी वापरू न देणे हा त्यातील कलम 4 खाली गुन्हा आहे. एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. गावाकडे कुठे आजही वेगळा कप पुढे आला, तर भांडत बसू नका, मुकाट्याने पिऊही नका. साक्षीदारांची नावे टिपून घ्या आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा.

ही कहाणी आपल्या एकट्याच देशाची नाही. अमेरिकेत ग्रीन्सबरो गावी 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातील गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांनी कॉफी मागितली. मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. हे लोण अनेक शहरांत पसरले आणि 25 जुलै 1960 रोजी त्या दुकानाने आपला नियम सोडला. एका कप कॉफीसाठी जवळजवळ सहा महिने!

घरच्या बाईची सुटी

भगिनींनो, रविवारच्या नाश्त्याचा दुसरा लाभ तुमचा आहे. घरातील सर्वांना आठवड्याची सुटी असते, चुलीजवळच्या बाईला नसते. उलट रविवारी पाहुणे येतात, काम वाढते. म्हणून नाश्त्याला बाहेर जायचे तर बाईने आधी उठून सगळ्यांचे आवरून द्यायचे, असे होता कामा नये. ठेल्यावर पुरुष मंडळी बाकावर आणि बाया-मुली कडेला प्लेट हातात धरून उभ्या, हे दृश्यही शोभत नाही. बाक सर्वांचा आहे.

खर्च झेपावा म्हणून महिन्याचे चार रविवार वाटून घ्यावेत. दोन रविवार ठेल्यावरचे पोहे. एक रविवार टेबल-खुर्चीच्या हॉटेलात, जिथे मुलांनी स्वतः भावफलक वाचून हिशेब जुळवायचा. चौथा रविवार घरी, पण त्या दिवशी नाश्ता पुरुषांनी करायचा. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आले तरी हरकत नाही.

मुलींच्या तब्येतीचेही पाहावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. पोह्यांवर लिंबू पिळून घ्या, हरभऱ्याची तर्री मागा. लिंबामुळे अन्नातील लोह अंगी लागते. चहा मात्र लगेच नको. चहाने लोह शोषले जाण्यास अडथळा येतो, म्हणून तासाभराने घ्यावा.

खाताना डोळे उघडे

कढईतील तेल काळे पडले असेल, त्याचा धूर डोळ्यांत झोंबत असेल, तर तळणाचा मोह टाळून पोहे घ्यावेत. पाणी झाकलेले आहे का, प्लेटा कशात धुतात, हे विचारण्यात कमीपणा नाही. भजे वर्तमानपत्राच्या कागदात घेऊ नका. छपाईची शाई तेलात उतरते आणि ती शरीराला घातक असते, असा इशारा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 सालीच दिला आहे. आमचा हा अंकही वाचायचा आहे, भजे बांधायचा नाही!

आणखी एक गोष्ट पाहावी. कपबशा विसळणारे हात कोणाचे आहेत? हॉटेल आणि धाब्यावर 14 वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीने ती जवळपास सर्वच कामांना लागू झाली. असे मूल दिसले तर 1098 या क्रमांकावर कळवावे. आपली मुले खुर्चीत बसून डोसा खात असताना त्यांच्याच वयाचे दुसऱ्या कोणाचे मूल टेबल पुसत असेल, तर मिळालेला हक्क अर्धाच राहिला.

तेव्हा येत्या रविवारी खुशाल जा. सोबत आजी-आजोबांना न्या, त्यांना मधल्या खुर्चीवर बसवा आणि पहिला कप त्यांच्या हाती द्या. कान तुटलेल्या कपाची गोष्ट त्यांच्या तोंडून मुलांना ऐकू द्या. शाळेच्या पुस्तकातील कलम 15 त्यांना मग वेगळे पाठ करावे लागणार नाही.